हेझरॉन मास्तरांचं पंचवीस

न्यामारेरेच्या टेकडीवर आमची मुलींची शाळा. तिथं हेझरॉन सागवे मास्तरांनी एकवीस वर्षं रसायन शिकवलं. एकवीस वर्षं टायट्रेशन शिकवलं, आणि त्यातली एकोणीस वर्षं ब्युरेटला हात लावला नाही. ही कुचाळकी नव्हे. मास्तर स्वतःच स्टाफरूममध्ये चहा फुंकत फुंकत सांगायचे.

"पोहायला शिकवणारा रोज पाण्यात पडतो का? काठावर उभा राहतो."

"आणि पोर बुडालं तर?" मी विचारायचो. मी भूगोल शिकवतो, मला बुडण्याची काळजी.

"बुडालं तर त्याचा अभ्यास कमी पडला."

मास्तरांचं घर आणि माझं घर यांच्यात एकच झुडपांचं कुंपण. त्यामुळे त्यांच्या चुलीवर काय शिजतंय आणि डोक्यात काय शिजतंय, दोन्हींचा वास मला लागायचा. माणूस वाईट नव्हता. उंच, मानेपाशी जरा वाकलेला, शनिवारी, म्हणजे आमच्या प्रार्थनेच्या वारी, चर्चमध्ये वडीलधारा म्हणून पुढच्या बाकावर. गावात कुणाचं भांडण झालं की मास्तरांना बोलावणं यायचं, कारण त्यांचा न्याय झटपट असे. तू म्हणतोस हद्द इथं, तो म्हणतो तिथं, तर मधोमध काठी ठोका आणि घरी जा. ओचेंगोच्या दोन भावांची केळीच्या बागेची हद्द त्यांनी अशीच ठोकली. काठी नेमकी संडासातून गेली. दार एका भावाकडे, खड्डा दुसऱ्याकडे. आजही एक भाऊ रोज सकाळी दुसऱ्याची परवानगी मागतो. मास्तर म्हणतात, बघा, बोलणं तर सुरू झालं.

आता ज्यांना टायट्रेशन ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. मला तरी कुठं ठाऊक होतं, प्रयोगशाळेतल्या युनुकेनं दाखवलं तेव्हा कळलं. खाली काचेच्या भांड्यात मोजून पंचवीस मिलिलिटर कॉस्टिक सोड्याचं पाणी घ्यायचं. त्यात दर्शकाचे दोन थेंब टाकले की ते गुलाबी होतं, बाजारातल्या सरबतासारखं. वर उभ्या नळीत, म्हणजे ब्युरेटमध्ये, आम्ल. खालची तोटी हलकेच सोडायची आणि भांडं हलवत राहायचं. ज्या थेंबाला गुलाबी रंग जाईल त्याच थेंबाला तोटी बंद. मग नळीवर बघायचं, किती आम्ल उतरलं. असं तीनदा. आकडे एकमेकांशी जुळले की त्यांची सरासरी, आणि आम्लाची ताकद माहीत असली की थोडा गुणाकार, थोडा भागाकार करून कॉस्टिकची ताकद काढायची. बस एवढंच. पोरींचे हात कापतात ते या एवढ्यासाठीच.

हेझरॉन मास्तरांची रीत याच्या उलटी होती. आधी कागद, मग काच. आम्लाच्या बाटलीवर लिहिलंय एक दशांश, कॉस्टिकच्या बाटलीवर लिहिलंय एक दशांश, खाली पंचवीस मिलिलिटर, तर वर किती लागणार? पंचवीस. पंचवीस पूर्णांक शून्य. यात काचेला विचारण्यासारखं काय आहे?

एखादी पोर चोवीस पूर्णांक तीन घेऊन आली की मास्तर तिच्याकडे दयेनं बघत. "तुझा डोळा तिरका आहे, की सकाळी खाल्लं नाहीस?"

"खाल्लं, म्वालिमू. लापशी." आमच्याकडे मास्तरांना म्वालिमू म्हणतात.

"मग हात भुकेला नाही, मन भुकेलं आहे. पुन्हा बघ."

पोर पुन्हा बघायची आणि पंचवीस आणायची. चार वर्षांत बहुतेक पोरी एवढ्या तयार व्हायच्या की काचेवर काय दिसतंय याकडे बघायच्याच नाहीत. तीन ओळींत चोवीस पूर्णांक नऊ, पंचवीस, पंचवीस. पहिला नऊवर ठेवायचा ही मास्तरांचीच शिकवण. "तिन्ही पंचवीस लिहिले की तपासणाऱ्याला शंका येते. एक थोडा कमी ठेवावा. त्यानं खरेपणा दिसतो."

शाळेत रसायनाचे निकाल जीवशास्त्राच्या एक पायरी खाली असायचे. दरवर्षी. मास्तर सांगायचे, पोरींचे हात थंडीनं कापतात, टेकडीवर वारं फार. कारण तिसरंच होतं, आणि ते एकट्या युनुकेला ठाऊक होतं.

कारण असं. सरकारी परीक्षेत पोरी प्रात्यक्षिक करतात तेव्हा त्याच वेळी, तेच पाणी, तेच आम्ल घेऊन शिक्षकानंही टायट्रेशन करायचं असतं. त्याचा आकडा एका फॉर्मवर भरून, सही करून, पोरींच्या पेपरांबरोबर पाकिटात जातो. तपासणारे पोरीचा आकडा त्याच्याशी ताडून बघतात. एक दशांशाच्या आत असला तर पूर्ण गुण. दोन दशांशाच्या आत असला तर थोडे. त्यापलीकडे भोपळा. म्हणजे शिक्षकाचा आकडा हाच खरा, बाकी सगळे त्याच्याभोवती. देवानं असा मान दुसऱ्या कुणाला दिलेला नाही. मास्तर दरवर्षी आतल्या खोलीत जाऊन दार लोटत, खुर्चीत बसत, फॉर्मवर पंचवीस पूर्णांक शून्य लिहीत आणि उरलेला वेळ बायबल वाचत. ऐन परीक्षेत घाबरून ज्या पोरी काचेवरचं लिहीत, त्यांच्या वाट्याला भोपळा.

युनुके त्याच खोलीत बाटल्या धूत असायची. ती शाळेत झाडूवाली म्हणून आली, आठवीपर्यंत शिकलेली. आता प्रयोगशाळेतलं सगळं तीच करते. वजन, मिसळणं, बाटल्यांवर चिठ्ठ्या, फुटक्या काचा. कुठलंही द्रावण वर्गात देण्याआधी ती स्वतः एकदा टायट्रेशन करून बघते. कुणी सांगितलेलं नाही. विचारलं की म्हणते, "मीठ चाखल्याबिगर कुणी भाजी वाढतं व्हय?"

तर यंदा परीक्षेला मास्तरांची स्वतःची लेक होती. बोसिबोरी.

बोसिबोरीला औषधं बनवायला शिकायचं होतं. लहानपणी आईबरोबर बाजाराला गेली की ती औषधवाल्याच्या खिडकीशी उभी राहून बाटल्यांवरची बारीक अक्षरं वाचायची. औषधवाला कागदाच्या पुडीत गोळ्या बांधून द्यायचा आणि किती घ्यायच्या विचारलं तर म्हणायचा, बरं वाटेपर्यंत. ही घरी येऊन आईला सांगायची, असं नसतं. ज्या कॉलेजात तिला जायचं होतं तिथं रसायनात निदान बी हा शेरा लागत होता. बी मायनस चालत नव्हता. ही गोष्ट साऱ्या टेकडीला पाठ होती, कारण तिची आई केमुंतो पाण्याला, सरपणाला, चर्चला जाताना तेच सांगायची.

पोर रसायन शिकली ती बापाकडून नव्हे, युनुकेकडून. दुपारच्या सुट्टीत प्रयोगशाळेच्या मागच्या दारानं आत. युनुकेनं तिला थेंबाचा अर्धा थेंब कसा घ्यायचा ते शिकवलं. तोटीच्या टोकाला लोंबता ठेवायचा, भांड्याच्या कडेला टेकवायचा आणि पाण्यानं खाली ओढायचा. शेवटच्या वर्षी बोसिबोरीचा हात युनुकेपेक्षा स्थिर झाला.

"पोरीचा हात बघितला का तुमी?" युनुकेनं मास्तरांना एकदा विचारलं.

"कशाला बघू? तिला पंचवीस येतंय ना?"

"सरावाच्या पान्यात जेवढं आसतंय तेवढंच तिला येतंय."

मास्तरांना ते कळलं नाही, आणि न कळलेलं विचारायची त्यांना सवय नव्हती.

परीक्षेच्या दहा-बारा दिवस आधीची गोष्ट. केमुंतोला साबण करायचा होता. मास्तर प्रयोगशाळेत गेले, कपाटातली कॉस्टिकची बाटली उघडली, दोन चमचे दाणे कागदात बांधून घेतले आणि झाकण नुसतं वर ठेवून निघून आले. दिवस पावसाचे. टेकडीवर तर ढगच खिडकीतून आत येतात. कॉस्टिकच्या दाण्यांना पाण्याची हाव फार. ते हवेतलं पाणी पीत बसले. कपाटाची किल्ली मास्तरांकडेच, म्हणून परीक्षेच्या आदल्या दिवसापर्यंत कुणी उघडून पाहिलं नाही.

परीक्षेच्या आदल्या दिवशी सूचनांचं पाकीट उघडलं. एका लिटरला चार ग्रॅम कॉस्टिक, असं लिहिलेलं. युनुकेनं बाटली काढली तर आत दाणे नव्हते, ओल्या गुळाचा खडा होता. कपाटात दुसरी बाटली नव्हती, बाजारात मिळण्याइतका वेळ नव्हता. तिनं चमच्यानं खरवडलं, मोजलं, विरघळवलं आणि सवयीप्रमाणे चाखून बघितलं. म्हणजे टायट्रेशन केलं. बावीस पूर्णांक चार. पुन्हा केलं. बावीस पूर्णांक चार.

ती मास्तरांना शोधत आली तेव्हा मी त्यांच्याकडेच बसलो होतो. पुढचं बोलणं मी कानांनी ऐकलंय.

"म्वालिमू, दानं पानी पिल्यात."

"कुठले दाणे?"

"तुमी उघडी ठेवलेली बाटली. चार गिराम मोजलं, पर त्यात पान्याचंच वजन लई. बावीस पूर्णांक चार लागतंय."

मास्तरांनी कप खाली ठेवला. "चार ग्रॅम मोजलंस ना? मग पंचवीस."

"कागदावं."

"पेपरात काय येणार आहे ते कागदावरच येणार आहे, युनुके."

"आवो, पेपरात 'साधारण चार ग्रॅम' असंच लिवलेलं आसतंय की. नेमकं किती ते पोरींनीच काढायचं. दानं ओलं आसलं तरी बिघडत न्हाई. बावीस आलं तर ताकद कमी हाय आसं पोरी लिवतील, आन् ते खरंच हाय. पर तुमी फॉर्मावं पंचवीस ठोकलं, तर काचेवरचं लिवनाऱ्या समद्या मेल्या."

"समद्या नाही मरत. दरवर्षी कुठे मरतात?"

युनुके माझ्याकडे बघून मग त्यांच्याकडे वळली. "दरवर्षी मरत्यात. तुमी मोजलं न्हाई एवढंच."

मग तिनं जाता जाता टाकलं, "बोसिबोरीचा हात लई सच्चा हाय. ती बावीस पूर्णांक चारच आणनार. तिला तरी मारू नका."

बेचाळीस पोरींसाठी हलला नव्हता तो माणूस त्रेचाळिसावीसाठी हलला. मला वाटतं आपण सगळेच तसे आहोत. पण सगळ्यांच्या हाती फॉर्म नसतो. मास्तरांनी पुन्हा कप उचलला, त्यात चहा नव्हता तरी एक घोट घेतला आणि मला म्हणाले, "उद्या मी स्वतः करीन."

"काय?"

"टायट्रेशन."

"जमेल?"

"मी शिकवतो ते," मास्तर म्हणाले. पण आवाज शिकवणाऱ्याचा नव्हता.

पोरीला सांगायची सोय नव्हती. परीक्षेच्या पोरी वसतिगृहात, फाटकावर पोलीस. पाकीट उघडल्यानंतर, पेपर देऊन होईपर्यंत, शिक्षकानं एखादीशी बोलणं म्हणजे तुरुंग. आणि मास्तरांना तुरुंगाची भीती देवापेक्षा जास्त.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत काय झालं ते युनुकेनं मला सांगितलं. युनुके खोटं बोलत नाही, तिला तेवढी फुरसत नसते.

प्रयोगशाळेत बावीस पोरी मावतात, म्हणून दोन तुकड्या. पहिलीत बोसिबोरी, दुसरी तुकडी वाचनालयात कोंडलेली. बाहेरच्या शाळेतून आलेले पर्यवेक्षक पोरींपाशी, पोलीस दारात खुर्चीवर. मास्तर आतल्या खोलीत, कोट काढून, बाह्या वर करून. बायबल घरी ठेवून आलेले.

पहिल्या घासाला नव्हे, पहिल्या घोटालाच माशी शिंकली. पिपेटनं कॉस्टिक ओढायला रबरी फुगा असतो. मास्तरांच्या काळात तोंडानं ओढत. त्यांनी तोंड लावलं, जोरात ओढलं आणि कॉस्टिक जिभेवर. युनुकेनं त्यांना खिडकीतून बाहेर थुंकायला लावलं, तीन तांबे पाणी तोंडात फिरवायला दिलं.

"कसं लागतंय?"

"साबणासारखं," मास्तर म्हणाले.

"मग बराबर हाय."

पहिल्या वेळी तोटी सोडली ती सोडलीच. गुलाबी रंग गेला कधी, कळलं नाही. तेवीस पूर्णांक एक. "ह्यो रानटी आकडा," युनुके म्हणाली, "सोडून द्या." दुसऱ्या वेळी चष्मा डोळ्यांवर, नाक नळीला टेकलेलं. वीसनंतर एकेक थेंब. प्रत्येक थेंबाला विचारायचे, "गेला का रंग? गेला का?"

"तुमालाच डोळं हाईत की."

बावीस पूर्णांक चार. तिसऱ्यांदा केलं. युनुकेला वाटलं होतं की आता म्हातारा आकडा ढकलणार. ढकलला नाही. बावीस पूर्णांक चार.

मास्तर खुर्चीत बसले. नळीकडे पाहत राहिले. युनुके म्हणते, माणूस बारशाला पाळण्याकडे पाहतो तसे.

"युनुके, हे आपोआप जुळलं?"

"मग कसं जुळतंय?"

"मी काही केलं नाही."

"म्हनूनच जुळलं."

मास्तरांनी खिशातून पेन्सिल काढली. फॉर्म शाईनं भरायचा असतो. पण मास्तर आधी नेहमी पेन्सिलनं भरत, म्हणजे विचाराला जागा राहते. तीन रकाने भरले. सरासरी बावीस पूर्णांक चार. दुसरी तुकडी संपल्यावर शाई, सही आणि पाकीट.

पहिली तुकडी सुटली. पोरींना मागच्या दारानं काढून टाकीकडे नेलं, वाचनालयातल्या तुकडीशी गाठ पडू नये म्हणून. मास्तरांना राहवेना. तोंड अजून चुरचुरत होतं, ते धुवायचं निमित्त. टाकीच्या नळाशी बोसिबोरी हात धूत उभी. मी तेव्हा टाकीपलीकडच्या व्हरांड्यात पोरींच्या हजेरीला होतो, त्यामुळे पुढचं पुन्हा माझ्या कानांचं.

"कसा गेला?"

"चांगला गेला, बाबा." पोर हसत होती. चार वर्षांत तिला बापाशी हसताना मी फारसं पाहिलं नव्हतं. "काळजी करू नका. तुमच्याशी जुळवलंय."

"माझ्याशी म्हणजे?"

"काचेवर बावीस पूर्णांक चार येत होतं. तीनदा आलं. कॉस्टिक ओलं असणार. पण तुम्ही पंचवीसच लिहिणार ना. मग मीही पंचवीस लिहिलं. चोवीस पूर्णांक नऊ, पंचवीस, पंचवीस."

मास्तरांचे हात नळाखालीच राहिले. पाणी वाहून चाललं होतं.

"तुला बावीस पूर्णांक चार आलं होतं?"

"हो."

"तीनदा?"

"हो बाबा. पण गुण तुमच्या आकड्यावर मिळतात. युनुकेनं सांगितलंय मला ते. मी वेडी आहे का?"

पोर शहाणी होती. त्या एका दिवशी ती वेडी असती तर बरं झालं असतं. नंतर पोरींनी आपापसात आकडे सांगितले तेव्हा कळलं, त्रेचाळिसांपैकी चाळीस जणींनी पंचवीस लिहिलं. उरलेल्या तिघींनी बावीस पूर्णांक चारच्या आसपास. त्या तिघी वर्गात सर्वांत मागे बसायच्या. कागदावरून उलटं गणित त्यांना चार वर्षांत जमलं नव्हतं, म्हणून बिचाऱ्या दिसलं ते लिहून आल्या.

मास्तरांना हे तेव्हा ठाऊक नव्हतं. पण माझी पोर असं करते तर बाकीच्या काय करणार, एवढं त्यांना कळलं. ते पाणी बंद न करताच परत फिरले. बोसिबोरीनं हाक मारली, "बाबा, काय झालं?"

आतल्या खोलीत फॉर्म टेबलावर पडलेला. पेन्सिलीत बावीस पूर्णांक चार. दुसरी तुकडी टायट्रेशनला लागलेली, तोट्यांचा टपटप आवाज. युनुके म्हणते, मास्तर त्या कागदाकडे बघत अर्धा तास बसले. एकदा खोडरबर उचललं, एकदा ठेवलं. बावीस पूर्णांक चार लिहिलं तर खरं, पण लेक मेली. पंचवीस लिहिलं तर लेक वाचली, पण आज सकाळी नळीत जे दिसलं ते खोटं. आयुष्यात एकदाच त्यांनी काही खरं मोजलं होतं आणि त्याचीच त्यांना अडचण झाली होती.

मग त्यांचा चेहरा खुलला. युनुकेला तेव्हाच भीती वाटली. त्यांनी पेन्सिलीतलं खोडलं, शाईचं पेन काढलं आणि लिहिलं. तेवीस पूर्णांक सहा. तेवीस पूर्णांक सात. तेवीस पूर्णांक आठ. सरासरी तेवीस पूर्णांक सात.

युनुकेनं खांद्यावरून पाहिलं. "ह्ये कुठनं आलं?"

"बावीस पूर्णांक चार आणि पंचवीस. दोघांच्या मधोमध."

"म्वालिमू." ती ओला हात तसाच धरून उभी. "जुळत न्हाईत त्या आकड्यांची सरासरी काढत न्हाईत. नववीच्या पोरीला इचारा. तुमीच शिकवता."

"ते काचेचं झालं. हा न्यायाचा प्रश्न आहे. काचही राहिली, कागदही राहिला."

"तेवीस पूर्णांक सात कुनाला आलंय? एकीला तरी?"

"युनुके, तू आठवीपर्यंत शिकलीस," मास्तर सौम्यपणे म्हणाले. त्यांनी सही केली. पर्यवेक्षक आले, त्यांनी न वाचता सही केली. पोलिसानं पाकीट घेतलं.

संध्याकाळी मास्तर कुंपणाशी आले. मी केळी कापत होतो. "सोडवला," ते म्हणाले. "फार नाजूक प्रश्न होता, पण सोडवला." मी विचारलं, कसा? त्यांनी सांगितलं. मी भूगोलाचा माणूस. म्हटलं, "बरं आहे." मला तेव्हा खरंच बरं वाटलं होतं.

परीक्षा संपून बोसिबोरी घरी आली तेव्हा मास्तरांनी तिलाही सांगितलं. केमुंतोनं मक्याच्या पिठाची घट्ट उगाली वाढली होती, वर कडवट पालेभाजी आणि लेकीसाठी म्हणून कोंबडी. कुंपणातून सगळं ऐकू येत होतं.

"मी तुला निम्म्यापर्यंत आणलं," मास्तर म्हणाले. "पुढचं देवाच्या हातात."

"निम्म्यापर्यंत म्हणजे?"

"पंचवीस आणि बावीस पूर्णांक चार, मधलं तेवीस पूर्णांक सात. तुलाही अन्याय नको, त्या काचेलाही नको."



"बाबा," बोसिबोरी म्हणाली, "निम्मा आकडा म्हणजे निम्मे गुण नसतात. दोन दशांशाच्या बाहेर भोपळा. मी तेरा दशांश बाहेर आहे. ज्यांनी खरं लिहिलं असेल त्याही तेरा दशांश बाहेर आहेत. तुम्ही कुणालाच आत ठेवलं नाही."

"तपासणाऱ्यांना कळेल की..."

"त्यांना तुमचा आकडा कळेल. त्यांच्याकडे तेवढंच आहे."

"पोरी, मी तुझ्यासाठी केलं."

"माझ्यासाठी पंचवीस लिहायचं. नाहीतर खऱ्यासाठी बावीस पूर्णांक चार लिहायचं. हे कुणासाठी लिहिलंत?"

केमुंतो म्हणाली, "जेव आधी." पोर जेवली की नाही ते मला कळलं नाही. मास्तर जेवले. कोंबडीचं हाड फोडल्याचा आवाज आला.

निकाल लागला. बोसिबोरीला रसायनात बी मायनस. वर जायला किती गुण कमी पडले ते बोर्ड सांगत नाही. पण टायट्रेशनच्या अचूकपणाला जेवढे असतात तेवढेच असतील असं युनुके म्हणाली, आणि पुन्हा तो विषय काढला नाही. शेवटच्या बाकावरच्या तिघी नेहमीच्या डी वर गेल्या. त्यांना कुणीच काही सांगितलं नाही की त्या दिवशी साऱ्या शाळेत खरं लिहिणाऱ्या त्या तिघीच होत्या. सांगून तरी काय, त्यांनी विचारलं असतं, मग गुण कुठायत?

मुख्याध्यापिकाबाईंनी स्टाफ मीटिंगमध्ये रसायनाचं विचारलं. मास्तर म्हणाले, टेकडीवर वारं फार.

बोसिबोरीनं ठरवलं, पुढच्या वर्षी पुन्हा बसायचं, दुसऱ्या शाळेतून. तोवर केरोकाच्या रस्त्यावर सहकारी दूध केंद्र आहे, तिथं तिला काम मिळालं. दूध आंबलंय की नाही ते बघायचं. आणि ते बघतात कसं? नऊ मिलिलिटर दूध, दर्शकाचे थेंब, वरून कॉस्टिक, फिकट गुलाबी रंग टिकला की थांबायचं. दीड-पावणेदोन मिलिलिटर लागलं तर दूध चांगलं. एक पूर्णांक आठच्या वर गेलं तर डबा परत. केंद्राच्या व्यवस्थापकानं युनुकेलाच विचारलं होतं, कुणी पोर आहे का जिचा हात स्थिर आहे. युनुके दोन शब्दांत म्हणाली, "एकच हाय."

एका सोमवारी मी मास्तरांबरोबर तिथं गेलो. माझ्याकडे गाय नाही, मला बाजाराला जायचं होतं. मास्तरांच्या हातात दोन लिटरचा डबा. रविवारी संध्याकाळचं दूध, रात्रभर घरात ठेवलेलं, कारण मास्तर रविवारी दुसऱ्या गावच्या हद्दीला काठी ठोकायला गेले होते. रांगेत पंधरा-वीस माणसं. बायका, सायकलवाले, एक म्हातारा जो दर खेपेला आपल्या गाईची तारीफ करतो.

बोसिबोरी पांढऱ्या कोटात, खिडकीपलीकडे. बापाला पाहून तिनं मान हलवली, जशी सगळ्यांना हलवते. दूध मोजलं, तोटी सोडली. भांडं एका हातानं गोल गोल.

"दोन पूर्णांक एक," ती म्हणाली. "परत."

"नीट बघितलंस?"

"बघितलं."

रांगेतला एक सायकलवाला म्हणाला, "म्वालिमू, पोरीला शिकवलं कुणी? तुम्हीच ना?" दोघं-तिघं हसले.

मास्तर खिडकीशी वाकले. हळू आवाजात म्हणाले, "ही गाय तुझ्या आईची आहे, बोसिबोरी. दोन लिटर. कुणाला कळणार?"

"बाबा, हे दूध त्या मोठ्या टाकीत जातं. तुमचं आंबलं तर सगळ्यांचं आंबतं." तिनं दुसरं भांडं धुऊन घेतलं, मोजून दूध घातलं आणि खिडकीतून त्यांच्याकडे सरकवलं. ब्युरेटही फिरवून त्यांच्या बाजूला केली. "तुम्ही करा. तुमचा आकडा मी लिहिते."

म्हाताऱ्यानंही गाईचं बोलणं थांबवलं. मास्तरांनी डबा खाली ठेवला, चष्मा लावला. तोटीला हात घातला. एकेक थेंब. मी मागून पाहत होतो, त्यांची मान आणखी वाकली होती. दूध पांढरंच राहिलं, पांढरंच, पांढरंच, मग एका थेंबाला किंचित गुलाबी झालं, आणि मास्तर थांबले.

ते बराच वेळ नळीकडे पाहत राहिले. मला वाटलं, आता काहीतरी काढणार.

"दोन पूर्णांक एक," मास्तर म्हणाले.

बोसिबोरीनं वहीत लिहिलं. "सही करा, बाबा."

त्यांनी सही केली. डबा उचलला. "तुझी आई याचं आंबट दूध करील," ते म्हणाले, "मला आवडतं ते."

"मलाही थोडं ठेवा," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघून हाक दिली, "पुढचा डबा."